मेहमानखान्याचे नाना

नाना बिडकर भोपाळला वारल्याचं कळलं तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत, दाना ओलीत, ज्याने त्याने एकच वाक्य म्हटलं, "फार सज्जन माणूस होता हो." मला या शब्दाचा जरा रागच आहे. सज्जन म्हटलं की माणसाची घडी घालून त्याला फडताळात ठेवून देता येतं. नाना सज्जन होते यात शंका नाही. पण त्यांच्या सज्जनपणाचा एका परदेशी मुलाला वर्षभर त्रासच झाला. मग एके दिवशी उपयोग झाला. मला दोन्हींबद्दल लिहायचं आहे.

नानांचं घर आमच्या समोर. मधली गल्ली इतकी अरुंद की त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागे. सकाळी कचेरीला निघताना मी दारात दिसले की ते टोपी सारखी करत विचारत, "काय कॉम्रेडबाई, आज कोणाचं सरकार पाडणार?"

"तुमचंच, नाना."

"माझं पडून झालं की. आता दुसरं बघा."

खरंच पडून झालं होतं. संस्थान होतं तेव्हा नाना मेहमानखान्यात होते. दरबारच्या पाहुण्यांची उतरण्याची आणि खाण्यापिण्याची सोय बघणारं ते खातं. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, खातं मोडलं, आणि नानांना सचिवालयात टपाल पाठवणाऱ्या विभागात बसवलं. नोकरीची ज्येष्ठता नव्याने लागली तेव्हा इंदूरकडचा एक तरुण त्यांच्या डोक्यावर आला. नाना दिवसभर पाकिटं चिकटवत. राजेरजवाडे गेले ते उत्तम झालं, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. वडील मास्तर, त्यांनी आणलेली पक्षाची पत्रकं वाचत मी मोठी झाले, दुसरं मत येणार कुठून? पण खातं मोडलं म्हणून माणसाची चाल मोडत नाही. नाना कोणाबरोबर रस्त्याने चालले की अर्धं पाऊल पुढे, अंग तिरकं करून चालत. पाहुण्याला पाठ दाखवायची नाही, ही तिथली शिस्त. दाल बाजारातल्या गर्दीत, हातगाड्या चुकवत, पन्नाशी उलटलेला माणूस असा खेकड्यासारखा चालताना पाहून पोरं हसत. त्यांच्या ते गावीही नसे.

दुसरी सवय सामान उघडण्याची. पाहुणा खोलीत उतरला की त्याची ट्रंक नाना स्वतः उघडत आणि एकेक वस्तू जागच्या जागी लावून देत. म्हणत, "सामान ट्रंकेत असलं की माणूस स्टेशनवरच असतो."

त्यांची एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. दक्षिणेकडून एक म्हातारे गवई दरबारात आले होते. अतिथिगृहातला पलंग उंच. बुवांना त्यावरून पडायची भीती, म्हणून ते रात्रभर खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नानांनी सुतार बोलावला आणि दरबारच्या सागवानी पलंगाचे चारी पाय वीतभर कापायला लावले. वरून विचारणा झाली. नानांनी उत्तर दिलं, "पाय पलंगाचे गेले, झोप पाहुण्यांची होती." त्यांना दंड झाला की नाही हे ते कधी सांगत नसत. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, सांगत, "झाला ना! झोप पाहुण्याची आणि पगार आमचा."

आणि त्यांचं पालुपद एकच, "व्यवस्था होते आहे." काकूंनी साखर संपली म्हणून सांगितलं तरी तेच, छत गळतंय म्हटलं तरी तेच.

त्या काळी लश्करात खोली मिळणं म्हणजे काय होतं, हे आता रिकामी घरं पाहणाऱ्यांना खरं वाटणार नाही. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदूरला. दिवाळी झाली की कारकुनांच्या फौजा कागदांच्या पेट्यांसकट इकडे उतरत. त्यात फाळणीने घरदार गमावून आलेली सिंधी-पंजाबी कुटुंबं आधीच दाटीवाटीने राहत होती. घरमालकांचे दिवस होते. भाडं थंडीबरोबर चढे, पण थंडीबरोबर उतरत नसे. इंदूरहून येणारी माणसं आधी नानांनाच गाठत. ते खोल्या शोधून देत. ज्याने त्यांची खुर्ची घेतली त्या तरुणालाही त्यांनीच खाट मिळवून दिली होती. काकू यावर आठवडाभर बोलल्या नाहीत.

सॅम्युएल नानांना भेटला पडावावर, स्टेशनसमोर. नाना कचेरीचं टपाल गाडीवर द्यायला गेले होते. एका धर्मशाळेच्या पायऱ्यांखाली हा उंच, सडसडीत, काळा मुलगा ट्रंकेवर बसला होता. पूर्व आफ्रिकेतून सरकारी शिष्यवृत्तीवर आमच्या मेडिकल कॉलेजात शिकायला आला होता. वसतिगृहात जागा मिळेल असं त्याला कळवलं होतं. वसतिगृहाचा तो भाग अजून बांधायचाच होता. धर्मशाळेवाल्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग बाहेर काढलं.

नाना त्याच्यासमोर जाऊन किंचित वाकले. "साहेब, आपकी उतरने की व्यवस्था?"

सॅम्युएलने मला पुढे सांगितलं, "दीदी, मुझे लगा मुझे लेने सरकार आई है।"

सरकार नव्हतं. मोडलेलं खातं होतं.

नानांनी त्याला टांग्यात घालून थेट एका रावसाहेबांकडे नेलं. हे जुन्या अमलातले बडे अधिकारी, प्रशस्त घर, माणसं कमी. नानांनी शब्द टाकला, "परदेशचे पाहुणे आहेत." बस, एवढंच. रावसाहेबांनी हार घातला, श्रीखंड-पुरी केली, पुढची खोली दिली. भाड्याची गोष्ट सॅम्युएलने काढली तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. "पाहुण्याकडून भाडं? आम्ही काय सराई चालवतो?"

नानांच्या डोळ्यांत त्या दिवशी जुनी चमक होती. मीही भारावले होते, खोटं कशाला बोलू.

पण पाहुणा म्हणजे काय चीज असते, हे महिनाभरात कळलं. रोज संध्याकाळी रावसाहेब त्याला बैठकीत बसवून आल्यागेल्याला दाखवत. "हे आमचे आफ्रिकेचे पाहुणे." शेजारची मुलं येऊन त्याच्या केसांना हात लावून बघत. त्याला दार लावून घेता येत नसे, पाहुण्याने दार कसं लावायचं? जेवताना पुरे म्हणता येत नसे. त्याला डोकं लावून शरीरशास्त्र पाठ करायचं होतं आणि इथे त्याला रात्री भजनाला झांजा वाजवायला बसवत. मग दिवाळी झाली, इंदूरहून सचिवालय आलं. रावसाहेबांनी त्याला फार गोड आवाजात सांगितलं, "आमचे जावई यायचे आहेत." जावई कोणी आला नाही. त्या खोलीत एक इंदूरचे अधिकारी चांगल्या भाड्याने राहायला आले.

"व्यवस्था होते आहे," नाना म्हणाले आणि त्याला दाल बाजारात घेऊन गेले. तिथे एक धान्याचे व्यापारी मेहमानखान्याला माल पुरवत असत. सगळे त्यांना लालाजी म्हणत. त्यांनीही दुकानावरची खोली विनाभाड्याने दिली. "नानाजी, आपके मेहमान हमारे मेहमान."

आता सॅम्युएलकडे कॉलेजातून अभ्यासासाठी मिळालेली हाडांची पेटी होती. मेडिकलच्या पोरांकडे असते, कवटीसकट. नानांनी नेहमीप्रमाणे त्याचं सगळं सामान स्वतः लावलं. कपडे खुंटीला, पुस्तकं फळीवर. हाडं त्यांनी रुमालाने पुसून लहानमोठी बघून ओळीने मांडली आणि कवटी सगळ्यांत मानाची वस्तू समजून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. संध्याकाळी लालाजींची आई घरभर दिवा दाखवत फिरली. वरच्या खोलीचा कोनाडा हा त्यांच्या दिव्याचा कोनाडा होता.

म्हातारी तापाने अंथरुणाला खिळली. लालाजी दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या दारात. आवाज अजिबात चढलेला नाही. हात जोडलेले.

"नानाजी, मेहमान हैं, इसलिए हाथ जोड़कर कह रहा हूँ. किराएदार होता तो लड़ता."

"वो साहेब का पढ़ाई का सामान है, लालाजी."

"होगा. मगर खोपड़ी किसी की तो है ना?"

 पुढे कित्येक दिवस नाना मध्येच विचारत, "पण कोनाड्यात नाही ठेवायची तर कुठे ठेवायची होती?"

तिथून सॅम्युएल पडावावरच्या एका हॉटेलात गेला. गाड्यांच्या शिट्ट्या, ढेकूण, आणि शिष्यवृत्तीतलं सगळं भाड्यात जायचं. सहामाही चाचणीत तो शरीरशास्त्रात नापास झाला. प्राध्यापकांनी बोलावून स्पष्ट सांगितलं की दुसऱ्या वर्षाअखेरच्या मोठ्या परीक्षेतही असंच झालं तर शिष्यवृत्ती बंद, आणि मग परतीची बोट. हे सांगायला तो नानांकडे आला तेव्हा मी तिथेच होते. नानांनी त्याला पाटावर बसवलं, काकूंनी चहा दिला. त्याने कप बाजूला ठेवला. मग हिंदीत म्हणाला. त्याची हिंदी इस्पितळातल्या रोग्यांकडून शिकलेली, त्यामुळे तिच्यात दुखण्याचे शब्द फार. "नानाजी, मैं मेहमान बन-बनके थक गया हूँ. पूरा बदन दुखता है."

तो गेल्यावर मी नानांवर तुटून पडले. "नाना, तुम्ही त्याला पाहुणा का करता? पाहुणा म्हणजे कोण? ज्याला केव्हाही जा म्हणता येतं तो!"

"हळू बोल ग."

"नाही बोलणार. रावसाहेबांनी भाडं घेतलं असतं तर त्यांना असं काढता आलं असतं? भाड्याचा कायदा आहे. भाडेकरूला जा म्हणायला कारण लागतं. पाहुण्याला फक्त गोड आवाज लागतो."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी जन्मभर कोणाला भाड्याची खोली दाखवली नाही, कुमुद," ते म्हणाले. "जमेल का ते बघतो."

त्यांनी मला कुमुद म्हटलं की ते थकलेत हे मी ओळखत असे.

मग आम्ही तिघं खोल्या पाहत फिरू लागलो. मला ते बरोबर नेत, कारण बाईमाणूस सोबत असलं की दार पुरतं उघडतं, असं त्यांचं म्हणणं. एक नियम त्यांनी नव्याने केला होता. घरमालकाकडे बसायचं नाही. "बसलं की चहा येतो, आणि चहा आला की नकारसुद्धा गोड लागतो." म्हणून आम्ही उंबऱ्याशी उभे. भर पावसाळ्यात, चिखलाने भरलेल्या चपलांनी. आणि मराठी घरमालकाशीही नाना हिंदीत बोलत. मराठीत बोललं की गाव, घराणं, सोयरीक निघते आणि मूळ गोष्ट राहून जाते, असा अनुभव.

पुरुष बहुतेक हो म्हणत. "विचारून सांगतो," म्हणून आत जात. खरा निकाल आत लागे. एकदा एका वकिलांच्या बायकोने मलाच आत बोलावलं.

"तू मास्तरांची ना ग? मुलगा चांगला दिसतो. पण शिकतो काय?"

"डॉक्टरी, काकू. फार हुशार आहे. आत्ता शरीरशास्त्र चालू आहे, रोज प्रेत चिरायला..."

 त्या बाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या. "आणि तेच हात आमच्या नळाला?"

बाहेर आल्यावर मी तावातावाने सोवळ्याओवळ्यावर भाषण दिलं. नाना चिखलातून पाय उचलत म्हणाले, "खरं बोलायला हरकत नव्हती, कॉम्रेडबाई. पण प्रेतापर्यंत जायला नको होतं."

सॅम्युएल हसला. त्या पावसाळ्यात मी त्याला हसताना पाहिल्याचं तेवढंच आठवतं.

कोणी म्हणे विद्यार्थ्याला देत नाही, कोणी म्हणे एकट्या पुरुषाला देत नाही. एकजण मात्र प्रामाणिक निघाला. "हब्शी को नहीं देंगे," असं तोंडावर म्हणाला. आम्ही परत फिरलो. थोडं पुढे गेल्यावर सॅम्युएल म्हणाला, "यह आदमी अच्छा था. इसने टाइम नहीं खाया." यावर मला पत्रक लिहायचं होतं. बसले, आणि लिहिता आलं नाही. सगळ्यांनी एकाच तऱ्हेने नकार दिला असता तर त्यांच्याविरुद्ध लिहिता आलं असतं.

तेवढ्यात राज्यांची फेरमांडणी झाली. मध्यभारत संपला, नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी गेली भोपाळला. दिवाळीला कारकुनांच्या फौजा ग्वाल्हेरला आल्या नाहीत. उलट इथल्याच निघाल्या. पेट्या, बाजली, तुळशीची वृंदावनं हातगाड्यांवर घालून माणसं स्टेशनकडे चालली. ज्या लश्करात खाट टाकायला जागा नव्हती तिथे ओळीने कुलपं दिसायला लागली. व्यापारी रडत होते, टांगेवाले शिव्या देत होते. नाना मात्र खूश. त्यांच्या स्वतःच्या बदलीचा हुकूम खिशात होता, तरी खूश. "आता खोल्याच खोल्या. आता जागा नाही कोण म्हणेल?"

जागा नाही असं कोणीच म्हणालं नाही. जागा आहे असंच म्हणाले. त्याच वकिलांच्या घरात वरचा अख्खा मजला रिकामा होता. खाली उभं राहिलं तरी वर आपलाच आवाज घुमत होता. या खेपेला नाना मराठीतच बोलले, तर वकील म्हणाले, "राहू दे नाना, बंदच ठेवू. इंदूरवाले परत आले तर?"

"इंदूरवाले भोपाळला गेले, वकीलसाहेब. मीही चाललो आहे."

"हो, पण बंदच बरं."

नाना तिथून निघाले ते थेट घरापर्यंत आले. तिरके चालले नाहीत. सॅम्युएल मागे राहिला होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं. घरात येऊन ते पायरीवर बसले. मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं. बरेच महिने विचारायचं होतं. "नाना, तुमच्या माडीवरची खोली?"

"खात्याचा माणूस पाहुण्याला स्वतःच्या घरी उतरवत नाही. तसा नियम होता."

"खातं मेलं, नाना."

ते माझ्याकडे बघेनात. घाबरले होते ते गल्लीला, आणि त्याहून जास्त काकूंना. काकूंचं सोवळं कडक, हे सगळ्यांना ठाऊक. गेली वर्ष-दीड वर्ष हा माणूस दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर उभा राहून जे मागत होता, ते आपल्या घरात मागायची त्याची छाती नव्हती.

आणि मग स्वयंपाकघरातून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या सगळं ऐकत होत्या.

"द्या माडी," त्या म्हणाल्या. "पण पाहुणा म्हणून नाही हं. भाड्याने द्या."

"अगं, घरी आलेल्या..."

"घरी आलेल्याला दोन भाज्या कोण करतं? तुम्ही? पाहुणा म्हटलं की मी उठायच्या आधी त्याचं पाणी तापलं पाहिजे, मी जेवायच्या आधी तो जेवला पाहिजे. आयुष्यभर तुमचे पाहुणे. मेहमानखाना मोडला म्हणून मी देवाला पेढे ठेवले होते, माहीत आहे? भाडेकरू असेल तर तो त्याचं करील, मी माझं करीन. पाठीमागून जिना आहे. नळ सकाळी माझा, नंतर त्याचा."

नानांनी विचारलं, "आणि ती हाडं?"

"त्याच्या ट्रंकेत. भाडेकरूची ट्रंक आपण उघडायची नाही."

मी इतकी पत्रकं वाचली, पण पाहुणचाराचं ओझं कोणाच्या पाठीवर असतं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. काकूंना क्रांतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या थकल्या होत्या, एवढंच.

भाडं ठरवायला नानांची जीभ वळेना. सॅम्युएल समोर बसलेला, नाना छताकडे बघतात, "ते आपलं... जे काय... सवडीने..." शेवटी काकूंनी आकडा सांगितला, पहिल्या तारखेला म्हणून सांगितलं, आणि पावती हातात ठेवायला लावली. पावती घेताना सॅम्युएल उभा राहिला. पदवी घेताना राहतात तसा.

नाना भोपाळला गेले. तिथे कर्मचाऱ्यांसाठी घरं बांधली जात होती, म्हणजे नव्हती. ते आणखी काही जणांबरोबर एका खोलीत पथाऱ्या टाकून राहत. इकडे दाना ओलीत कुजबुज सुरू झाली. दोन प्रतिष्ठित काकूंकडे येऊन गेले, "वहिनी, नाना नाहीत, आपण एकट्या." काकू म्हणाल्या, "मला पटतं हो तुमचं. पण काय करू, पावती दिली आहे. तो आता कायद्याने आहे." आणि कायद्याचं ओझं वाहणाऱ्या बिचाऱ्या बाईसारखा चेहरा केला. मी खिडकीतून पाहत होते. असं नाटक मी कधी पाहिलं नाही.

सॅम्युएल त्या खोलीत दार लावून घेत असे. दिवसभर. कडी लागल्याचा आवाज आमच्यापर्यंत येई.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नानांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज निघाली. घराणं मोठं, मूळ घर हेच. नाना रजा घेऊन आले. रात्रभर गाडीत उभं राहून आलेले. गालफडं बसलेली, डोळे लाल. घर माणसांनी भरलं होतं. पाय ठेवायला जागा नाही. मी पत्रावळी पुसायला गेले होते. नानांचे थोरले बंधू दादासाहेब खुर्चीत बसून नानांना म्हणाले, "त्र्यंबक, माडी मोकळी कर. चार दिवस त्या मुलाला कुठे तरी पाठव. मग येऊ दे परत."

"त्याची परीक्षा सोमवारपासून आहे," मी म्हटलं.

"पोरी, मी तुला विचारलं का? घर कोणाचं आहे?"

 दिराच्या पुढे काकू बोलत नसत. सगळे नानांकडे बघू लागले. नाना उठले आणि जिना चढू लागले.  नाना भावाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते, आणि गोड आवाजात माणसाला बाहेर काढायचं कसं, हे त्यांनी चांगलं दोनदा पाहिलं होतं. मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले.

नानांनी दार वाजवलं. आपल्याच घरातलं दार. आतून कडी निघेपर्यंत थांबले. सॅम्युएलने दार उघडलं, नानांना पाहिलं, खालचा गलका ऐकला आणि त्याला समजलं. सवय झाली होती त्याला. तो पुस्तकं गोळा करायला वळला.

"मैं हॉटल चला जाता हूँ, नानाजी. चार दिन की बात है."

"आप पढ़िए," नाना म्हणाले. "मेरी एक रज़ाई आपके कमरे में रह गई है, मचान पर. आपकी इजाज़त हो तो ले लूँ?"

सॅम्युएलने रजई काढून दिली. नाना ती काखेत घेऊन खाली आले. दार वर पुन्हा लागलं, कडीसकट.

"काय झालं?" दादासाहेबांनी विचारलं.

"ती खोली दिलेली आहे."

"दिलेली म्हणजे?"

"म्हणजे आपली नाही, दादा."

दादासाहेब बरंच काही बोलले. नाना उभ्याने ऐकत होते, पण मला वाटतं त्यांना काही ऐकू येत नव्हतं, इतकी झोप आली होती.

सॅम्युएल त्या परीक्षेत पास झाला. शरीरशास्त्रात वर्गात वरच्या क्रमांकांत आला. अजून त्याच माडीवर राहतो, काकूंशी नळावरून भांडतो आणि भाडं पहिल्या तारखेला देतो. नाना त्यानंतर ग्वाल्हेरला आले नाहीत. पुढच्याच हिवाळ्यात भोपाळला त्यांची छाती कफाने भरली आणि ते गेले. स्वतःचं घर तिथे त्यांना मिळालंच नाही. सरकार म्हणत होतं, व्यवस्था होते आहे. मी अजून पत्रकं लिहिते, आणि हे वाक्य छापील दिसलं की ते खोडून टाकते.

पण मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या मुंजीच्या दिवशी, भर दुपारी. ते गल्ली ओलांडून आमच्या दारात आले. काखेत रजई. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच थांबले आणि माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, दोन तास पाठ टेकायला जागा होईल का?"

एवढंसं बोलायला त्यांना फार कष्ट पडले. आईने खाटेवरचे माझ्या पत्रकांचे गठ्ठे उचलायला घेतले.

"राहू द्या, राहू द्या, मी कडेने पडतो," नाना म्हणाले.

त्यांनी टोपी काढून उशाशी ठेवली आणि अंग चोरून खाटेच्या एका काठाला निजले. खिडकी समोरच होती. पलीकडे माडीवर सॅम्युएल पुस्तक हातात धरून येरझारा घालत होता. ओठ हलत होते. खाली सनई लागली तशी त्याने खिडकी लावून घेतली. नानांनी ते पाहिलं, रजई डोक्यावर ओढली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.